दूरस्थ शिक्षणातून म्युझिक थेरपीची मास्टर्स पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः अमेरिकन विद्यापीठांच्या ऑनलाइन आणि 'लो-रेसिडेन्सी' अभ्यासक्रमांबद्दल आहे, कारण दूरस्थ पद्धतीने हा विषय शिकवण्याची पद्धत तिथे चांगली रुळली आहे. विचारणारे बहुतेक दोन प्रकारचे असतात: अमेरिकेत राहणारे, विशारद-अलंकार झालेले किंवा संगीतात बीए-एमए केलेले मराठी लोक, आणि पुणे-मुंबई-कोल्हापुरात बसून ही पदवी करता येईल का याची चाचपणी करणारे. दोघांची उत्तरं जिथे वेगळी आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

ही पदवी खरंच घरबसल्या होते का?

अर्धी होते. व्याख्यानं, वाचन, निबंध, संशोधन पद्धती, प्रबंध हे सगळं घरून करता येतं. रुग्णांबरोबरचं काम मात्र येत नाही. जाहिरातीतल्या 'शंभर टक्के ऑनलाइन'चा अर्थ इतकाच की वर्गासाठी कॉलेजच्या गावी जावं लागत नाही. तुमच्या स्वतःच्या गावात, शाळेत, वृद्धाश्रमात, इस्पितळात प्रत्यक्ष माणसांसमोर बसून शेकडो तास काम करावं लागतंच. लो-रेसिडेन्सी असेल तर त्याशिवाय ठरावीक काळाने काही दिवस कॅम्पसवर हजेरी लावावी लागते.

अपवाद एकच. जे आधीच बोर्ड-प्रमाणित, म्हणजे अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झालेले थेरपिस्ट आहेत त्यांचे हे तास पूर्वीच झालेले असतात. त्यांची मास्टर्स जवळजवळ पूर्णपणे ऑनलाइन होऊ शकते, आणि जाहिरातींतली सुटसुटीत वेळापत्रकं बहुधा त्यांच्यासाठी असतात.

कोणता अभ्यासक्रम आपल्यासाठी हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. 'मास्टर्स इन म्युझिक थेरपी' या एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली, म्युझिक थेरपीतच बॅचलर्स करून 'एमटी-बीसी' हे बोर्डाचं प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी. इथे थेरपीची मूळ कौशल्यं शिकवतच नाहीत, ती तुम्हाला येतात असं धरून पुढे जातात. एमटी-बीसी नसताना हा अभ्यासक्रम केला तर हातात मास्टर्स पदवी येते, पण थेरपिस्ट म्हणून परीक्षेला बसता येत नाही.

दुसरी 'इक्विव्हॅलन्सी'. संगीताची पदवी आहे पण थेरपीची नाही, अशांसाठी. यात थेरपीचे पायाभूत विषय, प्रॅक्टिकम (इंटर्नशिपच्या आधीचं रुग्णांबरोबरचं काम) आणि इंटर्नशिप येते, आणि त्यानंतर परीक्षेला बसता येतं. काही कॉलेजांत इक्विव्हॅलन्सीला मास्टर्स जोडूनच दिलेली असते. काही ठिकाणी इक्विव्हॅलन्सी संपल्यावर मास्टर्ससाठी नव्याने अर्ज करावा लागतो. हिंदुस्थानी संगीतातून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हीच दुसरी वाट घ्यावी लागते.

इंडियानातलं सेंट मेरी-ऑफ-द-वूड्स कॉलेज आणि कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटी ही दूरस्थ म्युझिक थेरपीतली जुनी, परिचित नावं. बॉस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकच्या ऑनलाइन शाखेतही मास्टर्स आहे. यांतल्या कुठल्या वर्षाच्या कुठल्या तुकडीत इक्विव्हॅलन्सीवाल्यांना घेतात हे बदलत असतं, म्हणून प्रवेश कार्यालयाला ई-मेलवर सरळ विचारा: "मी एमटी-बीसी नाही. हा अभ्यासक्रम संपल्यावर मी बोर्डाच्या परीक्षेला पात्र होईन का?" उत्तर लेखी घ्या. अभ्यासक्रमाला अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनची, म्हणजे एएमटीएची, मान्यता आहे ना, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

मी गांधर्व मंडळाची विशारद आहे. ती संगीताची पदवी धरतील का?

बहुधा नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षांना आपल्याकडे मान आहे, पण मंडळ हे विद्यापीठ नाही. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था मूळ प्रश्न विचारतात तो 'विद्यापीठाची पदवी आहे का' हा. बीकॉम अधिक विशारद असेल तर त्यांच्या लेखी तुमच्याकडे वाणिज्य शाखेची पदवी आहे आणि संगीताचं प्रशिक्षण आहे. असे अर्ज सरसकट फेटाळले जात नाहीत. पाश्चात्त्य संगीतशास्त्र, श्रवणकौशल्य, संगीताचा इतिहास असे वीस-तीस क्रेडिटचे विषय आधी करून या, असं सांगितलं जाऊ शकतं. हे विषय कम्युनिटी कॉलेजमधून घेणं विद्यापीठापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, एसएनडीटी, मुंबई विद्यापीठ किंवा शिवाजी विद्यापीठातून संगीतात पदवी असेल तर काम बरंच सोपं होतं. तरीही विशारदची प्रमाणपत्रं अर्जाला जोडाच, आणि सोबत एक पानभर टिपण द्या: किती वर्षं, कोणती परीक्षा, लेखी किती, प्रात्यक्षिक किती. अमेरिकन प्राध्यापकाला 'मध्यमा पूर्ण' म्हणजे काय हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

माझी पदवी तीन वर्षांची आहे.

काही विद्यापीठं ती चार वर्षांच्या पदवीबरोबरीची मानतात, काही मानत नाहीत. मूल्यमापन संस्थांतही फरक आहे. नॅकची, म्हणजे भारतातल्या उच्चशिक्षण मूल्यांकन परिषदेची, अ श्रेणी असलेल्या संस्थेतली तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी धरणारी संस्था सापडते, तशीच न धरणारीही सापडते. आधी कॉलेजला विचारा की कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल, मगच पैसे भरा. एमए केलं असेल तर दोन्ही गुणपत्रिका एकत्र पाठवा. गुणपत्रिका विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट जायला हव्या असतात, आणि आपल्या परीक्षा विभागात त्याला दोन-तीन महिने सहज लागतात. सगळ्यात आधी सुरू करायचं काम हेच.

मी हिंदुस्थानी गायिका आहे. गिटार आणि पियानो यायलाच हवा का?

हो. या विषयात गिटार मिरवायची नसते, ती कामाला लागते. एएमटीएच्या कौशल्ययादीत आवाज, गिटार, पियानो आणि तालवाद्य ही चारही आहेत. पातळी मैफिलीची नको, वापरापुरती हवी: कागदाकडे न बघता तीन-चार कॉर्डांवर गाणं वाजवत समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवता आलं पाहिजे, आणि गाणं चालू असताना पट्टी बदलता आली पाहिजे.

आपल्याकडच्या गायकांना पट्टी हीच अडचण ठरते. काळी चारला गाणारीला गिटारच्या सोप्या कॉर्डांत आपला सूर सापडत नाही. उपाय कॅपो, म्हणजे गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जी कॉर्डचा आकार धरला की काळी चार मिळते. तसाच कॅपो ठेवून सीचा आकार धरला की काळी एक. इथपर्यंत आठवड्याभरात जमतं. खरी अडचण पुढे येते: वृद्धाश्रमातल्या गटाला तुमची काळी चार झेपतच नाही. गट गाणार असेल तर सूर त्यांच्या गळ्याचा, तुमच्या नव्हे. खालच्या पट्टीत, जिथे तुमचा आवाज तुम्हाला फिका वाटतो, तिथे गाण्याची सवय करावी लागते. वीस वर्षं एकाच पट्टीत रियाज केलेल्यांना हे गिटारपेक्षा जड जातं.

दुसरी अडचण स्वरलेखनाची. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीवर इथे भागत नाही. पाच रेघांचं स्टाफ नोटेशन वाचणं, बघून गाणं आणि चार आवाजांची हार्मनी लिहिणं यावं लागतं. रोज अर्धा तास दिला तर वाचन सहा-आठ महिन्यांत रुळतं, हार्मनीला वर्ष धरा.

जमेची बाजूही मोठी आहे. न लिहिलेलं संगीत तिथल्या तिथे रचणं ही आपली रोजची सवय, आणि थेरपीत तिची फार गरज पडते. मात्र एक खोड मोडावी लागते. आपण आवर्तन बांधून समेवर येतो. ढोल बडवणाऱ्या सहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला सम नसते. तो मध्येच थांबतो, लय दुप्पट करतो, निघून जातो. त्याच्या लयीत तुम्ही शिरायचं असतं. तबलजींना हे गायकांपेक्षा लवकर साधतं, कारण साथ करणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

ऑडिशनचं रेकॉर्डिंग कसं करू?

साधारण मागणी अशी: मुख्य वाद्यावर किंवा गळ्यातून वेगवेगळ्या धाटणीच्या दोन रचना, स्वतःच्या गिटारच्या साथीवर एक गाणं, पियानोच्या साथीवर एक. ख्याल द्यायचा असेल तर सहा-सात मिनिटांत आटपा. बडा ख्याल वीस मिनिटं कोणी ऐकणार नाही. थोडा विलंबित, मग द्रुत, आणि सुरुवातीला दोन वाक्यांत राग आणि ताल सांगा. संपादन केलेला व्हिडिओ चालत नाही, एका रचनेचं रेकॉर्डिंग सलग हवं.

मुलाखत झूमवर असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. झूमची गोंगाट गाळण्याची सोय एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा समजते, आणि तानपुरा गिळून टाकते. समोरच्यांना तुम्ही बिनतानपुऱ्याच्या गाताना दिसता, मध्येमध्ये लांबवलेला 'आ'कारही नाहीसा होतो. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा आणि वायरचा हेडफोन लावा. आदल्या दिवशी कोणालातरी दुसऱ्या घरातून ऐकायला सांगा.

राग चिकित्सेचा अभ्यास उपयोगी पडेल का?

प्रवेशाच्या निबंधात 'अमुक रागाने अमुक आजार बरा होतो' असं लिहू नका, अर्ज तिथेच कमकुवत होतो. या शाखेत राग, गाणं किंवा लय हे औषधाच्या गोळीसारखं देत नाहीत. आधी मूल्यमापन, मग मोजता येईल असं उद्दिष्ट, मग त्या व्यक्तीला रुचणारं संगीत, मग नोंद.

एक उदाहरण जवळून पाहा. पार्किन्सनच्या रुग्णाची चाल सुधारायची आहे. एक मिनिट चालायला सांगून पावलं मोजतात, समजा ८४ आली. मेट्रोनोम ८४ वर लावून आधी त्याच लयीत चालवतात. पाऊल ठोक्यावर पडू लागलं की लय साधारण ५ ते १० टक्क्यांनी वाढवतात, म्हणजे ८८ ते ९२. मग ठोके हळूहळू कमी करून चाल टिकते का बघतात. शेजारी फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णाच्या कमरेला धरायचा पट्टा असतो. इथे लागतो तो रुग्णाला ओळखीचा, ठसठशीत ठेक्याचा आवाज. केरवा चालेल, लष्करी कूच चालेल. विलंबित एकताल चालणार नाही, कारण मात्रांमध्ये इतकं अंतर की पाऊल कुठे टाकायचं हे पायाला कळत नाही.

१,२०० तास म्हणजे नक्की काय?

एएमटीएच्या निकषानुसार क्लिनिकल प्रशिक्षण एकूण १,२०० तासांचं लागतं. त्यात निदान १८० तास इंटर्नशिपच्या आधीचे, म्हणजे प्रॅक्टिकमचे, आणि निदान ९०० तास इंटर्नशिपचे. उरलेले १२० इकडे किंवा तिकडे. बरीच कॉलेजं प्रॅक्टिकम १८० आणि इंटर्नशिप १,०२० अशी विभागणी करतात. आठवड्याला ४० तासांनी १,०२० तास म्हणजे साडेपंचवीस आठवडे, सहा महिने. अर्धवेळ केली तर वर्ष. तयारी, नोंदी आणि सुपरव्हिजन यांतलं काय आणि किती तासांत मोजायचं हे कॉलेजच्या नियमावलीत असतं, ते पान छापून जवळ ठेवा.

प्रॅक्टिकमची जागा कोण शोधून देतं?

दूरस्थ विद्यार्थ्याला बहुतेक वेळा स्वतः शोधावी लागते. कॉलेज मंजुरी देतं, करार करतं, यादी असेल तर देतं. दारं तुम्हीच ठोठवायची. पदवी सर्वांत जास्त इथेच रखडते, अभ्यासाने नव्हे.

रखडण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, तुमच्या आसपास एमटी-बीसी सुपरवायझरच नसतो. मोठ्या शहराबाहेर एक-दीड तास गाडी चालवावी लागू शकते. दुसरं, इस्पितळ 'हो' म्हणतं, पण कॉलेज आणि इस्पितळ यांच्यातला करार दोघांच्या वकिलांकडे अडकतो. नर्सिंगहोमपेक्षा मोठ्या इस्पितळसमूहाला यात जास्त वेळ लागतो, दोन-तीन महिने धरूनच चाला. तिसरं, कागद: पार्श्वभूमी तपासणी, लसीकरणाच्या नोंदी, क्षयरोगाची चाचणी, सीपीआर, व्यावसायिक जबाबदारीचा विमा. लहानपणी भारतात बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची क्षय चाचणी बीसीजीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे वगैरेत तीन आठवडे जातात. आधीच रक्तचाचणी मागून घ्या. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी जागेचा शोध मार्चमध्ये सुरू करा. पहिल्या ई-मेलमध्ये "मला तुमच्याकडे शिकायचं आहे" एवढंच लिहू नका. आठवड्यातला कोणता वार, किती तास, कोणत्या वयोगटाबरोबर, सुपरव्हिजन कॉलेजचं की तुमचं, विमा कोणाचा, हे पाच मुद्दे घाला. कार्यक्रम समन्वयकाला तेवढंच हवं असतं.

इंटर्नशिपला पैसे मिळतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. सहा महिने बिनपगारी पूर्णवेळ काम, तेही कदाचित दुसऱ्या गावी, असं धरून घरचा हिशेब मांडा.

भारतात राहून हे तास पूर्ण करता येतील का?

तत्त्वतः कॉलेजने मंजुरी दिली तर येतील. व्यवहारात अवघड. सुपरवायझर त्यांच्या निकषांत बसणारा हवा, आणि एमटी-बीसी असलेले लोक भारतात मोजकेच आहेत. काही कॉलेजं प्रॅक्टिकमला दूरस्थ सुपरव्हिजन चालवून घेतात: तुम्ही व्हिडिओ पाठवता, ते तिथून पाहून चर्चा करतात. इंटर्नशिपला ही सवलत क्वचित मिळते. त्यामुळे भारतातून प्रवेश घेण्याआधी इंटर्नशिपचं लेखी उत्तर आलं नसेल तर फी भरू नका. सैद्धांतिक विषय संपवून इंटर्नशिपशिवाय अडकलेला विद्यार्थी ना थेरपिस्ट, ना पदवीधर.

व्हिसा लागतो का?

भारतात बसून ऑनलाइन शिकायला लागत नाही. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१ विद्यार्थी व्हिसा मात्र मिळत नाही. एफ-१ वर पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिट, धरता येतात. आणि एफ-१ नाही म्हणजे इंटर्नशिपसाठी लागणारी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगीही नाही. लो-रेसिडेन्सीच्या चार-सहा दिवसांसाठी पर्यटक व्हिसावर जाण्याचा विचार काहीजण करतात, पण त्या व्हिसावर क्रेडिटचं शिक्षण घेता येत नाही.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, अमेरिकेत असलेल्यांना शिकता येतं. प्रश्न इंटर्नशिपचा. कामाचा परवाना नसेल तर पगारी इंटर्नशिप नकोच, आणि बिनपगारीचंही इमिग्रेशन वकिलाकडून आधी लेखी मत घ्या. इतर क्षेत्रांत चालतं म्हणून इथेही चालेल असं समजू नका.

नोकरी सांभाळून होईल का?

पहिलं वर्ष होतं. एका सेमिस्टरला दोन विषय म्हणजे आठवड्याला पंधरा-अठरा तास. प्रॅक्टिकम सुरू झालं की तासाभराच्या एका सत्रामागे तयारीला दोन तास, नोंदीला पाऊण तास, सुपरव्हिजनला एक तास, शिवाय जाणं-येणं. ही सत्रं शाळेच्या आणि इस्पितळाच्या वेळेत असतात, म्हणजे तुमच्या ऑफिसच्याच वेळेत. इंटर्नशिपच्या काळात पूर्णवेळ नोकरी जमत नाही.

भारतातून शिकणाऱ्यांनी घड्याळ बघावं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार आणि नोव्हेंबरपासून साडेपाच. पहाटे उठणाऱ्यांना हे जमतं. पण त्या वेळी शेजाऱ्यांना ढोल ऐकवता येत नाही, त्याची सोय आधी बघा.

ऑनलाइन वर्गात एकत्र वाजवतात तरी कसं?

वाजवत नाहीत. झूमवर आवाज पोचायला लागणारा वेळ एका तालात वाजवण्याच्या मानाने फार जास्त असतो. साधारण ३० मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की लय सुटू लागते. ब्लूटूथ हेडफोन त्यात आणखी भर घालतात. म्हणून एकजण वाजवतो, बाकीचे माइक बंद करून साथ करतात, किंवा प्रत्येकजण घरी रेकॉर्ड करून पाठवतो. गटाबरोबर वाजवण्याचा सराव गावात कुठेतरी वेगळा मिळवावा लागतो, नाहीतर प्रॅक्टिकमच्या पहिल्या दिवशी ती उणीव दिसते.

रुग्णांचे व्हिडिओ पाठवताना काय जपावं?

लेखी संमती, आणि ती कॉलेजच्या नमुन्यात. मुलांच्या बाबतीत पालकांची. फोनवर चित्रण करू नका, कारण बहुतेकांचे फोन फोटो आपोआप क्लाउडवर चढवतात आणि ते घरातल्या सगळ्यांच्या टॅबवर उघडतात. वेगळा कॅमेरा किंवा इंटरनेट बंद असलेलं उपकरण वापरा, फाइल कॉलेजने दिलेल्या सुरक्षित जागी चढवा आणि मूळ प्रत पुसून टाका. व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरला क्लिप पाठवणं हा गोपनीयतेच्या कायद्याचा भंग ठरू शकतो आणि त्यावरून प्रॅक्टिकम रद्द होतं.

लिहिण्यात लोक कुठे मागे पडतात?

उद्दिष्टं लिहिण्यात. 'मुलाला आनंद मिळेल' हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते मोजता येत नाही. 'आठ आठवड्यांच्या अखेरीस, ३० मिनिटांच्या सत्रात, पाचपैकी चार वेळा शाब्दिक सूचनेशिवाय आपली पाळी येईपर्यंत ढोलकी वाजवायला थांबेल' हे चालतं. नोंदीतही 'खूश दिसला' न लिहिता 'तीन वेळा हसला, दोनदा नजर मिळवली, चौथ्या मिनिटाला वाद्य ढकललं' असं लिहायचं. संगीतसमीक्षेची रसाळ भाषा वाचत वाढलेल्यांना हे रूक्ष वाटतं. पण पुढच्या आठवड्यात तुमच्या जागी दुसरी थेरपिस्ट आली तर तिला तेवढंच उपयोगी पडतं.

खर्चाचा अंदाज कसा बांधू?

जाहिरातीतल्या एका क्रेडिटच्या फीला मास्टर्सच्या क्रेडिटने गुणून थांबू नका. मास्टर्स साधारण ३० क्रेडिटपासून सुरू होते, पण इक्विव्हॅलन्सीचे विषय त्यावर येतात, आणि एकूण आकडा दुपटीकडे जाऊ शकतो. भरीला पूर्वअट म्हणून मागितलेले शरीरशास्त्र आणि अपसामान्य मानसशास्त्र असे विषय, तंत्रज्ञान शुल्क, रेसिडेन्सीचा प्रवास, विमा, परीक्षा, एक बरी गिटार, ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड, आणि इंटर्नशिपच्या सहा महिन्यांची बुडालेली मिळकत. शेवटचा आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो आणि तोच यादीत नसतो. भारतातून पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कापून घेतलेला कर) घेऊ शकते. ते विवरणपत्रात वळतं होतं, पण तोवर पैसे अडकतात.

बोर्डाची परीक्षा कशी असते?

एमटी-बीसी प्रमाणपत्र देणारं बोर्ड म्हणजे सीबीएमटी (सर्टिफिकेशन बोर्ड फॉर म्युझिक थेरपिस्ट्स), १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था. संगणकावर १५० बहुपर्यायी प्रश्न, तीन तास. त्यांतले १३० गुणांसाठी धरतात, २० चाचणीचे असतात आणि ते कोणते हे कळत नाही. इंटर्नशिप संपल्याशिवाय बसता येत नाही. प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्यासाठी १०० क्रेडिटचं पुढचं शिक्षण लागतं.

एमटी-बीसी मिळालं की कुठल्याही राज्यात काम करता येतं?

राज्यागणिक वेगळं. काही राज्यांत म्युझिक थेरपीचा स्वतंत्र परवाना आहे, नेवाडा आणि नॉर्थ डकोटा यांनी २०११ मध्ये सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये 'क्रिएटिव्ह आर्ट्स थेरपिस्ट' हा परवाना असून त्याला मास्टर्स आणि पदवीनंतरचे १,५०० तास देखरेखीखालचं काम लागतं. दूरस्थ विद्यार्थ्याने कॉलेजच्या राज्याचे नियम वाचून उपयोग नाही, आपण राहतो त्या राज्याचे वाचावेत. कॉलेजला तुमच्या राज्यात दूरस्थ शिक्षण द्यायची परवानगी आहे का तेही विचारा. दूरस्थ शिक्षणासाठी राज्यांनी आपसांत केलेल्या परस्पर कराराबाहेर कॅलिफोर्निया बराच काळ राहिलेलं आहे.

ही पदवी घेऊन भारतात काय होतं?

म्युझिक थेरपिस्टसाठी भारतात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीतही हा वर्ग नाही. खासगी इस्पितळं, विशेष शाळा, कर्करोग आणि उपशामक सेवा केंद्रं इथे काम मिळतं ते पदवीपेक्षा तुमच्या कामाचा नमुना पाहून. सरकारी किंवा विद्यापीठीय नोकरीसाठी समकक्षता लागते, आणि त्यासाठी संस्थेत हजर राहून केलेलं शिक्षण मागितलं जातं. ऑनलाइन परदेशी पदवी तिथे अडते.

भारतातच शिकायचं तर पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं म्युझिक थेरपीचं केंद्र आहे. रुग्ण आणि वर्ग एकाच आवारात, हा मोठा फायदा. सहा आठवड्यांत 'सर्टिफाइड थेरपिस्ट' करणारे ऑनलाइन कोर्स छंद म्हणून ठीक, त्यावर रुग्ण घेऊ नका.

पूर्वतयारी म्हणून दूरस्थ एमए मानसशास्त्र करू का?

आता ती वाट बंद आहे. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित काही विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. तशीही पूर्ण एमएची गरज नसते. मागितलेले दोन-तीन विषय अमेरिकन कम्युनिटी कॉलेजातून ऑनलाइन घेतले तर सहसा चालतात, पण विषयाचा आराखडा आधी दाखवून मंजुरी घ्या.

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया?

ब्रिटनमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' ही कायद्याने राखीव उपाधी आहे. आरोग्य व्यवसायांची नियामक संस्था असलेल्या एचसीपीसीकडे नोंदणी लागते, आणि तिथलं शिक्षण मुळात हजर राहून करायचं असतं. मेलबर्न विद्यापीठाची मास्टर्स मिश्र पद्धतीने करता येते: बरंचसं ऑनलाइन आणि अधूनमधून कॅम्पसवर सघन वर्ग. रुग्णांबरोबरचं काम मात्र तिथेही घरून होत नाही, प्लेसमेंट प्रत्यक्ष असते.

अर्ज करण्याआधी कॉलेजला शेवटचं काय विचारू?

गेल्या दोन वर्षांत तुमच्या राज्यात, किंवा देशात, किती दूरस्थ विद्यार्थ्यांची इंटर्नशिप पूर्ण झाली, आणि विषय संपवून जागेअभावी थांबलेले किती आहेत. पहिल्या आकड्याऐवजी 'आमचे विद्यार्थी जगभर आहेत' असं उत्तर आलं, तर तोच प्रश्न पुन्हा पाठवा.